लाल डोळ्यांची पिल्लं

स्पेनमधल्या एल एखीदोकडचे शेतकरी फवारणीला फवारणी म्हणत नाहीत, पिकाला 'बरं करणं' म्हणतात. मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हा हिनेसने बापाबरोबर प्लास्टिकचा पहिला मांडव ताणला आणि तेव्हापासून दर शनिवारी तो ढोबळी मिरचीला बरं करत आला. रोग असो वा नसो. औषधाचा वास अंगाला लागला नाही, तर त्याला आठवडा संपल्यासारखाच वाटत नसे. बायको विसी ते फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू देत नसे, एवढंच.

मग युरोपभरचे कायदे करणाऱ्या ब्रसेल्सवाल्यांनी एकेक औषध बंद करायला घेतलं. यंदा पाळी आली हिनेसच्या हुकमी औषधावर. सहकारी संघाने बजावलं, मिरचीत त्याचा अंश सापडला तर माल दारातूनच परत. औषधाच्या जागी हाती आल्या बाटल्या, भुशात वळवळणाऱ्या किड्यांच्या. हे म्हणे मिरचीची फुलं नासवणारे फुलकिडे खाणार. शेजारचा मेल्चोर त्याला विचारी, मिरच्या विकणार आहेस की किडे पाळणार? हिनेसने किडे सोडले खरे, पण हा हंगाम बुडाला तर मांडव भाड्याने देऊन मोकळं व्हायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

काही आठवड्यांनी एका सकाळी त्याने एक फूल तळहातावर झटकलं. पिवळे बारके किडे! दुसऱ्या फुलात तेच, तिसऱ्यातही तेच. त्याने खोपटातून लपवून ठेवलेला जुन्या औषधाचा डबा काढला, पंपाची नळी उलगडली. विसी कॉफी घेऊन आली, तर हा टाकीचं झाकण उघडून उभा.

"कुणाला बरं करतोयस?" तिने विचारलं.

"फुलकिड्यांनी मांडव भरलाय. तू घरी जा."

ती गेली नाही. चष्मा नाकावर ओढून तिने एक फूल पांढऱ्या एप्रनवर झटकलं.

"संघाच्या बैठकीला तू रुसून आला नाहीस. मी गेले होते. फुलकिडे काडीसारखे असतात. हे बघ, थेंबासारखे आहेत, डोळे लाल. तू सोडलेल्या किड्यांची पिल्लं आहेत ही."

हिनेसचा विश्वास बसेना. तिने स्वतःचा चष्मा त्याच्या नाकावर चढवला. एप्रनवर एक काडीसारखा किडा पळत होता. थेंबासारख्या पिल्लाने त्याला गाठलं, सोंड खुपसली आणि मग हललंच नाही. हिनेस वाकून बघतच राहिला. कॉफी निवून गेली.

टाकीचं झाकण त्याने पुन्हा लावलं. डबा संघाच्या गोदामात जमा करायला गाडीत नेऊन ठेवला.

एवढ्यात दारातून मेल्चोरने हाळी दिली, अजून पंप मुकाच का?

"हळू बोल," हिनेस म्हणाला, "आत लहान मुलं आहेत."

मेल्चोर मोठ्याने हसला. मग चपला झटकून आत आला आणि म्हणाला, "कुठंयत? दाखव."