ओव्हर म्हटल्याशिवाय

मुलाखत अकराला होती आणि मी साडेनऊलाच कडक इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर ताठ बसलो होतो. बंगळूरच्या बनशंकरीतल्या आमच्या दोन खोल्यांत माझ्यापेक्षा बायकोचीच धावपळ जास्त. शेजारच्या अक्कांना तासभर मिक्सर लावू नका, स्वल्प सांभाळून घ्या, असं ती दोनदा सांगून आली. नोकरी रुग्णवाहिका पाठवणाऱ्या कंट्रोल रूममधली होती. मिळाली तर मी इथं राहणार, नाही तर बेळगावला भावाच्या दुकानात. बायकोची नोकरी इथली, म्हणजे पुन्हा ती इकडे नि मी तिकडे. सतरा वर्षं तेच केलं होतं. आता मला ते अजिबात नको होतं.

फौजेत मी वायरलेसवर होतो. तिथला नियम साधा: समोरचा ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. बंगळूरात ओव्हर म्हणतो कोण? रिक्षावाले, दूधवाले, बायकोच्या ऑफिसातली मंडळी, सगळे एकमेकांच्या बोलण्यात घुसतात, आणि मी आपला पाळीची वाट बघत उभा. परतून आठ महिने झाले तोवर लोकांनी मला घुम्या ठरवलं होतं. बायकोला हा नियम ठाऊक होता, पण खरं कारण मी तिलाही सांगितलं नव्हतं. लढाईत पुढच्या ठाण्यावरचा माझा जोडीदार बोलता बोलता मध्येच थांबला. त्याचा ओव्हर आलाच नाही. मी हेडफोन कानाला दाबून तासन्‌तास थांबलो होतो.

अकराला पडद्यावर तीन चेहरे उगवले आणि तिघंही हिंदीत एकदमच सुरू झाले. चार अपघातांचे फोन एकाच वेळी आले तर काय कराल, एकानं विचारलं. अरे, हे तर मी झोपेतही सांगितलं असतं! पण तो थांबला आणि मी सवयीनं वाट बघत राहिलो. आवाज येतोय का, त्यानं विचारलं. दुसरा म्हणाला, लाइन गेली वाटतं. मधल्या बाई पुढच्या उमेदवाराचा कागद काढू लागल्या.

तेवढ्यात दाराआडून बायको ओरडली, “अहो, ओव्हर!”

मग मी सुटलोच. आधी ठिकाण विचारायचं, मग श्वास चालू आहे का ते. रडणाऱ्यावर खेकसायचं नाही, पण पत्ता घेतल्याशिवाय सोडायचंही नाही. आठ महिन्यांचं साठलेलं घडाघडा बाहेर पडत होतं. बाईंनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, बोलणारा मध्येच गप्प झाला तर?

“तर लाइन सोडायची नाही,” मी म्हणालो, आणि जोडीदाराची गोष्ट दोन वाक्यांत सांगून टाकली. दाराआड भांड्यांचा आवाज थांबला.

संध्याकाळी फोन आला, सोमवारपासून या म्हणाले. आनंदानं नाचायचाच काय तो मी बाकी होतो. “सोमवारी हजर. आउट,” म्हणत मी फोन ठेवला. संभाषण संपलं की आम्ही आउट म्हणतो. सतरा वर्षं सीमेवरून घरी केलेला प्रत्येक फोन मी तसाच संपवला होता.

बायकोनं पेढ्याचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. तिचे डोळे मात्र भरलेले.

“यापुढे घरात आउट म्हणायचं नाही,” ती म्हणाली. “सकाळी त्या बाईंना जे सांगितलंत, ते मला सगळं सांगा. ओव्हर.”

मी पेढा गिळला आणि बोलायला लागलो.