बर्फावरून पाडलेली भोकं

ती सात मेपलची झाडं रोगट आहेत असं ठरवणारा माणूस ऑगस्टमध्ये आला होता. ऑगस्टमध्ये! शोदिएर नदीकाठच्या आमच्या गावात मेपलचं काही बघायचं तर मार्चमध्ये, रस वाहतो तेव्हा यायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हा पडला शहरातला झाडतज्ज्ञ. मोटारीतून उतरला, मान वर करून बघितलं, वहीत खरडलं, बुंध्यांवर तांबड्या फुल्या मारल्या आणि गेला. नगरपालिकेला रस्ता रुंद करायचाच होता. निमित्त हवं होतं, ते मिळालं.

झाडं इर्मा दोयाँच्या दारापुढची. कागदावर रस्त्याची, म्हणजे गावाची. पण त्यांचा रस काढत आले ते दोयाँच. इर्मा आता चौऱ्याहत्तर वर्षांची. अख्खं गाव तिला मावशी म्हणतं, मीही. सहा वर्षांची असताना बापाने तिच्या हातात गिरमिट दिलं आणि शिकवलं: जुन्या भोकापासून वीतभर बाजूला सरक, टोक जरा वर धर म्हणजे रस बाहेर ओघळेल, बोटभर आत गेलं की थांब. भुसा पांढरा आला तर ठीक. तपकिरी आला तर आतलं लाकूड मेलेलं, झाडाची माफी माग.

आई भट्टीवर असायची. चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा एक बादली पाक. कढईवर दोरीने डुकराच्या चरबीचा तुकडा टांगलेला. फेस उसळून त्याला टेकला की आपोआप खाली बसायचा. पुढे लग्न झालं, नवरा लाकडाच्या गिरणीत ओंडक्याखाली सापडून गेला, मुलगा माँट्रियलला जाऊन तिकडचाच झाला. मार्चची भट्टी मात्र एकाही वर्षी चुकली नाही. तिच्या दारात बर्फावर ओतलेला गरम पाक काडीला गुंडाळून खाल्ला नाही असं पोर या गावात नाही. आमचे नगराध्यक्ष रेजाँ पुलँसुद्धा त्यातलेच.

सुनावणी लागली मार्चच्या पहिल्या आठवड्यात. पंधरवड्यात झाडं पडणार होती. तज्ज्ञाने भिंतीवर फोटो दाखवले. सालीवर बेंबीसारखे आक्रसलेले व्रण.

"ही उंची बघा. जवळजवळ अडीच मीटर. इथे माणसाचा हात पोचत नाही. हा खोडकिडा आहे, आणि जुना आहे."

मावशी हसायलाच लागली. "साहेब, किडा भलताच हुशार दिसतोय. वीत मोजून भोक पाडतो?"

"बाई, हा शास्त्राचा विषय आहे."

"तुम्ही आलात तेव्हा बर्फ किती होता?"

"ऑगस्टमध्ये बर्फ कसा असेल?"

"मग आत्ता चला."

अख्खी सभा तिच्यामागून रस्त्यावर आली. मावशीने पायांत बर्फात न रुतणारे जाळीचे जोडे चढवले आणि बर्फाच्या ढिगावरून झपाझप चालत झाडापाशी पोचली. तज्ज्ञ शहरी बुटांवर निघाला तो तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत आत.

"ओढा रे त्याला, नाहीतर मुळाशी जाऊन बसायचा!" कोणीतरी ओरडलं.

मावशी झाडाला टेकून उभी होती. वरचं भोक बरोबर तिच्या छातीसमोर. "हे दोन हजार आठचं. कुंपणं गाडली गेली होती त्या वर्षी. बर्फ कमी पडला त्या वर्षांची भोकं खाली आहेत, तुमच्या गुडघ्यांखाली पुरलेली. रेजाँ, ये, बोट घाल."

रेजाँने बोट लावलं. आता माफी मागेल, असं मला वाटलं. कसली माफी! तो घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे मावशी, गावाच्या झाडांना भोकं तुम्ही पाडली, हे तुम्ही कबूल करता? विनापरवाना?"

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटते का रे?" मी ओरडले. "याच झाडांचा पाक चाटून मोठा झालास!"

"तू गप गं," मावशी म्हणाली. "आवाज तुझा मोठा, पण झाडं माझी आहेत. रेजाँ, मला नीट सांग. मी नुकसान केलं म्हणतोस, म्हणजे झाडं धडधाकट होती. किड्याने खाल्लेल्याचं मी काय नुकसान करणार? एक काय ते ठरव."

रेजाँने तज्ज्ञाकडे बघितलं. तज्ज्ञ बुटातला बर्फ काढत होता.

"गुन्हा नोंदवला," रेजाँ हळूच म्हणाला, "तर झाडं निरोगी धरावी लागतील. तोडणीचा हुकूम थांबेल."

"मग नोंदव."

जिने जन्मात कोणाच्या अंगणातला दगड उचलला नाही, ती बाई सभागृहात परत गेली आणि सार्वजनिक मालमत्तेची नासधूस केली म्हणून सही करून आली. आपल्या नावाच्या वर तिने बापाचं नावही लिहिलं. कारकून म्हणाला, "मेलेल्या माणसाला आरोपी कसं करता?"

"शिकवलं त्यानेच. वगळलं तर रागवेल."

झाडं उभी आहेत. खोडकिड्याबद्दल त्या तज्ज्ञाने अजून एका ओळीनेही चूक कबूल केलेली नाही. आणि इर्मा दोयाँ गावाच्या दप्तरात नासधूस करणारी बाई म्हणून बसली आहे. ती नोंद खोडा म्हणून मी अर्ज दिला. उत्तर आलं: नोंद रद्द झाल्यास मूळ हुकूम पुन्हा लागू होईल.

मी ते पत्र नाचवत मावशीकडे गेले. ती भट्टीत लाकूड सारत होती.

"अर्ज मागे घे," ती म्हणाली.

"मावशी, तुझं नाव खराब होतंय!"

"होऊ दे. नावातून रस निघत नाही."

मी नगरपालिकेत गेले आणि अर्ज मागे घेतल्याची सही केली. पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला. कारकुनाने दुसरा दिला. तोही फाटला.