'यूसफुल'ला दुसरा शब्द

शांताआत्या गेली तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांना इंग्रजीत मेसेज पाठवायचं काम माझ्या चुलतभावाकडे आलं. आत्याचं लग्न झालं नव्हतं. ती जन्मभर आमच्याच घरी राहिली. बाळंतपणं, आजारपणं, पापड-लोणची, सगळं तिच्यावर.

"'यूसफुल' बरं दिसत नाही. दुसरा शब्द सांग," भाऊ म्हणाला.

"हेल्पफुल?" मी विचारलं.

"ते शेजाऱ्यांना म्हणतात. हँडी?"

"हँडी तर पक्कड असते," वहिनी म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

शेवटी 'यूसफुल'च गेलं. मराठीत तरी आम्ही वेगळं काय म्हणायचो? कामाची, उपयोगाची, अडीनडीला हाताशी असणारी. वस्तूला लावायचे सगळे शब्द तिला नेमके बसत होते. 'लाडकी' कोणाच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. गुरुजी म्हणाले, "बाईंच्या आवडीचं काही राहिलं असेल. ते करू, असं म्हणा."

आम्ही एकमेकांना विचारून पाहिलं. तिला काय आवडायचं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

अखेर काका हात जोडून म्हणाले, "शांते, घराची काळजी करू नकोस. आम्ही कामाला बाई ठेवू."

कावळा लगेच उतरला.