ताईच्या कानांसाठी व्हॉल्व्ह

विषमज्वरातून माझी थोरली बहीण वाचली, पण तिचे कान जवळजवळ गेले. लोणखेड्यात हळदीची गाणी तीच उचलायची. आजारानंतर तिचा सूर ढळू लागला. हळूहळू गाणं दुसरीच कुणीतरी सुरू करी. मग ताईने गाणंच सोडलं.

माघात तिच्या मुलीचं लग्न होतं. तेव्हा मी शहाद्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनखात्यात होतो आणि डायनामोची वीज आमच्या खोल्यांपर्यंत येई. मी ठरवलं, आपल्या मुलीच्या हळदीला ताई गाणारच. जुन्या टेलिफोनचा मायक्रोफोन, भंगारातल्या रेडिओचे काचेच्या नळ्यांसारखे दोन व्हॉल्व्ह आणि हेडफोन जमवून मी आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर बांधला.

ताईला माझ्या खोलीवर आणून पहिल्यांदा हेडफोन लावले तेव्हा ती स्वतःच्याच खोकल्याला दचकली. मग हसली. पण चहा होईतो तिचा चेहरा वाकडा झाला.

"भाऊ, आवाज फाटी ऱ्हायना!"

मागचा मोठा व्हॉल्व्ह आतून लालबुंद झाला होता. मी वीज तोडली. या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे आतल्या जाळीवर, विजेचा थोडा ऋण दाब कायम लागतो. त्याला बायस म्हणतात. तो सुटला की व्हॉल्व्हमधून प्रवाह बेफाम वाहतो. सुरुवातीला माझा बायस नेमका असे, यंत्र तापलं की सरके.

पहिला संशय डायनामोवर घेतला. मीटर लावून बसलो, तर त्याचा दाब स्थिर. मग व्हॉल्व्ह बदलला. दुसराही तसाच लाल झाला. इंजिनखात्यातले सोबती म्हणाले, "सोडून दे, घरगुती खटपट ती." मी सोडणार नव्हतो. रोज पाळी संपली की झाकण उघडून बसायचो.

शेवटी मोठ्या व्हॉल्व्हच्या प्रवाहाच्या वाटेत मीटर जोडून एकेक भाग सोडवत गेलो. आधीच्या व्हॉल्व्हकडून येणारा मेणकागदाचा कंडेन्सर सोडवला आणि काटा जागीच थांबला. यंत्र चांगलं तापू दिलं, तरी हलला नाही. आधीच्या व्हॉल्व्हचा धन दाब अडवून फक्त आवाज पुढे सोडणं हे त्या कंडेन्सरचं काम. मीच तो गरम व्हॉल्व्हला चिकटून बसवला होता. मेण तापलं की त्यातून धन दाब गळायचा आणि ग्रिडचा बायस पुसून टाकायचा.

शहाद्यात तसा भाग मिळेना. तळोद्याच्या एका डॉक्टरांकडे बंद पडलेला रेडिओ आहे असं कळलं. सायकल काढली. त्यांनी हसत रेडिओच पुढे केला, "हवं ते काढून घ्या." त्यातला अभ्रकाचा कंडेन्सर आणून मी व्हॉल्व्हपासून लांब बसवला. खर्ज थोडा हरवला, पण काटा सबंध दुपार ढळला नाही.

वीज माझ्याकडेच होती, म्हणून हळद माझ्याच दारी झाली. ताईने हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. सूर जरा खाली लागला. तिला तो ऐकू आला. ती थांबली, पुन्हा सुरू केली, आणि या खेपेला बरोबर लागला. बायकांनी लगेच साथ धरली. नवरी हळदीच्या हातांनीच डोळे पुसू लागली.

गाणी संपल्यावर मी हेडफोन काढायला गेलो, तर तिने माझा हात झटकला.

"ऱ्हाऊ दे! त्या कोपरामा बाया मन्हा जावाईना नाकवर बोली ऱ्हायन्यात. माले ऐकू दे."