विभागाच्या इतिहासात बाबा

कुंदे, नागपूर स्टेशनवर बाबा मला पोचवायला आले होते ते भांडायलाच. रविवारी मुलाकडचे लोक मला बघायला येणार होते, आणि मी शुक्रवारीच भोपाळला निघाले होते, युनिव्हर्सिटीत रशियन शिकवायला. तू पाण्याची सुरई धरून रडत होतीस. गाडी हलली तसे बाबा म्हणाले, "चाललीस ना? मग तिकडे माझं नाव घेऊ नकोस."

मीही त्यांचीच मुलगी. नाही घेणार, म्हटलं.

आणि पहिल्याच दिवशी काय झालं बघ. विदेशी भाषा विभागात तेव्हा रशियन, जर्मन, फ्रेंच, तिन्ही जोरात. रशियन शिकवणाऱ्यांना रशियातल्या रीतीप्रमाणे नावाला वडिलांचं नाव जोडून हाक मारायची, हा आमच्या विभागप्रमुखांचा नियम. त्यांनी विचारलं, सांगावंच लागलं. झाले मी शालिनी वसंतोव्ना, म्हणजे वसंताची मुलगी! भोपाळातल्याच करोंदच्या धान्यवाल्याची लेक असो की अशोका गार्डनहून सायकल हाणत येणारा कुणी, सगळे रोज बाबांचं नाव घेतच वर्गात शिरायचे. पहिल्या दिवशी मला इतकं रडू आलं की फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

पुढे बाबा बोलायला लागले, दिवाळीला चिवड्याचा डबाही पाठवायचे. पण हे वसंतोव्नाचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. मीच कशाला आधी तो विषय काढू, हा ताठा. पुढच्या सुट्टीत सांगू, पुढच्या सुट्टीत सांगू, करत राहिले. मग तुझा फोन आला, आणि मी पोचले तेव्हा फार उशीर झाला होता. मूर्ख होते गं मी.

इकडे विभागाचंही तसंच हळूहळू झालं. आधी जर्मन गेली, मग फ्रेंच. शेवटच्या वर्षी रशियनला एकच मुलगी उरली होती, तीही बँकेच्या परीक्षेचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. मी रिटायर झाले आणि कुलूप लागलं. आता त्या खोलीत प्लेसमेंट सेल आहे.

गेल्या महिन्यात ऑफिसनं स्मरणिकेसाठी विभागाचा इतिहास मागितला, एक पान. त्या एका पानावर मी आठ दिवस खपले. शिक्षकांच्या यादीत स्वतःचं नाव लिहिलं, शालिनी वसंतोव्ना. छापील कागदावर तरी बाबा राहू देत, म्हटलं. काल तिथल्या बाबूचा फोन. "मॅडम, ये वसंतोव्ना कौन हैं? रेकॉर्ड में तो नहीं हैं. हटा दें?"

"नहीं भैया. मेरे पिताजी का नाम है उसमें."

"अच्छा, वो भी डिपार्टमेंट में थे?"

मी हो म्हणाले. शुरू से आख़िर तक.

खोटं नाही बोलले गं. पण आता नागपुरात मला वसंताची पोर म्हणणारं कुणी नाही, आणि इथेही नाही. माझ्यासाठी घर म्हणजे तेवढंच होतं. पुढच्या वेळी फोन करशील तेव्हा एकदा मला तशी हाक मार. मीही तुला मारीन. तूही वसंतोव्नाच आहेस, आणि आता आपण दोघीच उरलोय.