पापुद्र्यांचा शेरा

त्या माणसाचं खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच पडून होतं. सगळं हॉस्पिटल त्याला पापुद्रे म्हणायचं. आजाऱ्याच्या अंगातून काढलेला तुकडा वितळलेल्या मेणात बसवायचा, त्याची वडी पाडायची, आणि यंत्राला लावून त्या वडीचे इतके पातळ पापुद्रे काढायचे की जवळ कुणी शिंकलं तरी उडून जावेत. ते काचेवर घेऊन रंगवले की मोठे डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते लिहीत. एकतीस वर्षं तो हेच कापत होता. तोंडानं माणसं कापायचा ती वेगळी.

तो इथं आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि बाटल्या धुवायचा. काम बघून बघून शिकला, ते मात्र खरं. पुढं परीक्षेला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा आपटला. त्याबद्दल कुणी विचारलं की म्हणायचा, "पेपर काढणाऱ्याला कधी वडी पाडता आली असती, तर त्याला मला विचारायचा अधिकार होता." तेव्हापासून ज्याच्या नावामागं पदवी आहे तो त्याला जन्माचा देणेकरी वाटे.

पण खरा तिटकारा होता तो पॅथॉलॉजीत इंटर्नशिप करायला येणाऱ्यांचा. यायचे, तीन महिने पांढरा कोट घालून फिरायचे, मायक्रोस्कोपला डोळा लावून फोटो काढून घ्यायचे, दुसरा डोळा मिटून, जशी काही बंदूकच झाडताहेत, आणि मोठ्या डॉक्टरांचं पत्र खिशात घालून पुढच्या पायरीवर उडी मारायचे.

ते पत्र मिळणं मात्र पापुद्र्याच्या हातात होतं. असा काही लेखी नियम नव्हता. मोठे डॉक्टर विद्वान होते, पण खुर्चीतून उठायचा त्यांना भारी कंटाळा. त्यामुळं सही करायच्या आधी ते दारातूनच ओरडून विचारायचे, "काय पापुद्रे, हात आहे का?" पापुद्र्यानं "आहे" म्हटलं की सही. "नाही" म्हटलं की, "अजून थोडं शिका, मग बघू." आजवर एकोणीस जण आले, त्यातल्या चौघांना हात निघाला. त्या चौघांतला एकजण रोज सकाळी त्याला चहा आणून द्यायचा, पण ते सोडून देऊ.

विसावी आली ती वयाच्या चौतिसाव्या वर्षी. डॉक्टर होती, दोन मुलांची आई.

"पास कधी झालात?" पापुद्र्यानं विचारलं.

"अकरा वर्षं झाली, काका."

"मग इतके दिवस कुठं होतात?"

"मुलं लहान होती. मग सासरे अंथरुणाला खिळले. राहूनच गेलं."

"आता वेळ जात नसेल घरी."

"वेळच तर चाललाय, काका. पुढच्या शिक्षणाच्या जागेसाठी अर्ज करायचाय. वयाची अट आहे, माझी ही शेवटची खेप. पंधरा तारखेपर्यंत सरांचं पत्र जोडलं नाही तर अर्ज घेतच नाहीत."

ती निघून गेल्यावर पापुद्रे शिपायाला म्हणाला, "संसाराला विटली की बाई पॅथॉलॉजीत येते. इथला पेशंट उलटून बोलत नाही ना."

सगळे तिला डॉक्टर म्हणत, तेवढा पापुद्रे बाई म्हणायचा. आणि बाई होती हळू. वडी पाडताना एका आजाऱ्याचा तुकडा चिमट्यानं ठेवला की चिमटा गरम मेणातून काढायची, पुसायची, उजेडात धरायची, पुन्हा पुसायची, आणि मग दुसऱ्याला हात घालायची. पापुद्र्याच्या अंगाची लाही व्हायची.

"बाई, चिमटा आहे तो. तान्हं पोर नव्हे. किती पुसाल?"

"एकाचा कण दुसऱ्याच्या वडीत गेला तर, काका?"

"एकतीस वर्षांत गेलेला नाही."

"किंवा गेलेला दिसला नसेल."

कोपऱ्यात काचा पुसणारी मुलगी एकदम खोकायला लागली. तो खोकला खोकला नव्हता हे पापुद्र्याला कळलं, आणि ते त्यानं मनात धरलं.

मग तो मंगळवार आला. पंधरा तारीख शनिवारी होती. अकरा तुकड्यांचा ट्रे बाईच्या पुढ्यात होता आणि ती अजून पहिल्यावरच. पापुद्र्यानं ट्रे तिच्या हातातून ओढला.

"उठा. तुमच्या वेगानं चाललो तर पेशंट एकतर बरा होऊन घरी जाईल, नाहीतर वर जाईल. रिपोर्ट मागायला कुणी उरणार नाही."

आणि तो बसला. एकच चिमटा, अकरा तुकडे, भराभर. बघत होता शिपायाकडं, हात आपले चालू. मध्येच बायकोच्या भावानं नवी गाडी घेतली तिला चार ठिकाणी कसा पोचा पडलाय तेही सांगून झालं. चिमटा एकदाही फडक्याला लागला नाही.

"बघितलंत? याला हात म्हणतात."

शिपाई "वा" म्हणाला. त्याला दुसरं काय येणार?

गुरुवारी दुपारी मोठ्या डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलं. त्यांचा मायक्रोस्कोप दोघांना एकदम बघता येईल असा, दोन तोंडांचा होता. ते म्हणाले, "ही बघा केस. शाळेतली शिक्षिका, एकेचाळीस वर्षांची. पोटात जळजळ होते म्हणून जठराच्या अस्तराचा तुकडा काढला. मला वाटलं साधी सूज असेल. कोपऱ्यात बघा. कॅन्सर." रिपोर्ट अर्धा टाइपही झाला होता. तो गेला की त्या शिक्षिकेचं निम्मं पोट कापलं जाणार, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

बाई बराच वेळ बघत राहिली.

"सर, हा कण सुटा आहे. तुकड्याला कुठंच चिकटलेला नाही."

"तुटला असेल."

"बाकीचं अस्तर सगळं धडधाकट आहे, सर. आणि ट्रेमध्ये याच्या आधीची वडी एका आजोबांच्या आतड्याच्या गाठीची होती. हा कण तिथलाच वाटतोय. चिमट्याला लागून आला असावा."

मोठ्या डॉक्टरांनी आजोबांची काच काढली, लावली, बघितली. मग चष्मा काढला. "या वड्या कुणी पाडल्या?"

 पापुद्र्याची जीभ कधी अडखळलेली नव्हती, ती आताही अडखळली नाही. "नवा हात आहे, सर. होतं असं सुरुवातीला."

बाईनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "काका, तो ट्रे तुम्ही माझ्या हातातून काढून घेतला होता. मी चिमटा पुसत बसते म्हणून."

"अहो डॉक्टर," मोठे डॉक्टर म्हणाले, "पापुद्रे एकतीस वर्षं इथं आहेत."

"मला एकतीस वर्षं माहीत नाहीत, सर. मंगळवार माहीत आहे."

आता इथं दुसरा कुणी असता तर त्यानं शिपायाला बोलावून विचारलं असतं. मोठ्या डॉक्टरांनी घसा साफ केला. कोण खरं, कोण खोटं हे ठरवायचं म्हणजे पुन्हा खुर्चीतून उठणं आलं. ते म्हणाले, "बरं बरं, आधी वडी खोल कापा. कण खालपर्यंत लागला तर तिचा. नाही लागला तर बाहेरचा."

"मी कापते," बाई म्हणाली.

"माझं यंत्र..." पापुद्रे म्हणाला.

"कापू द्या त्यांना."

ती यंत्रावर बसली. चाक सावकाश फिरवत पापुद्र्यांची एकेक फीत काढायची, कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती मोडेपर्यंत थांबायची आणि काचेवर उचलायची. अशा आठ काचा, एकाखालून एक. चाळीस मिनिटं लागली. पापुद्रे मागं हात बांधून उभा होता. तिचं कुठं चुकतंय ते शोधत होता आणि सापडत नव्हतं म्हणून जळत होता. पण त्याहून वाईट एक होतं. त्या चाळीस मिनिटांत त्याला अगदी मनापासून वाटत होतं की कण खाली लागावा. म्हणजे ज्या बाईचं त्यानं तोंडही बघितलं नव्हतं, तिला कॅन्सर निघावा, तिचं पोट चिरलं जावं, आणि याचं नाक शाबूत राहावं. त्याला याची लाज वाटली का? नाही. तो फक्त म्हणाला, "फीत वाकडी येतेय." फीत सरळ होती.

शुक्रवारी सकाळी रंगवलेल्या काचा आल्या. पहिल्या दोन काचांत कण होता. तिसरीत त्याचा धुरळा. चौथीपासून खाली सगळं स्वच्छ. मोठ्या डॉक्टरांनी अर्धा रिपोर्ट फाडला आणि दुसरा लिहिला: साधी सूज, कॅन्सर नाही. खाली झोकदार सही केली. आजोबांचा रिपोर्ट वेगळा गेला.

मग बाईनं पत्राचा कागद पुढं ठेवला. "सर, उद्या शेवटची तारीख."

मोठ्या डॉक्टरांनी पेन उचललं आणि सवयीनं तोंड दाराकडं वळवलं. एवढं रामायण झालं तरी सवय ती सवयच. "काय पापुद्रे, हात आहे का?"

पापुद्रे दारातच उभा होता. तो जणू याचीच वाट बघत होता. "नाही, सर. हात नाही. तोंड आहे, तेही गरजेपेक्षा मोठं."

मोठ्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अजून थोडं शिका, डॉक्टर. पुढच्या वर्षी..."

"मला पुढचं वर्ष नाही, सर."

बाई रडेल असं पापुद्र्याला वाटत होतं. त्याला तेवढंही सुख मिळालं नाही. तिनं आठ काचांचा ट्रे उचलून मोठ्या डॉक्टरांच्या रिपोर्टवर ठेवला.

"सर, या मी कापल्यात. आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुम्ही यांच्यावर विसंबून एका बाईला कॅन्सर नाही असं लिहून दिलंत. मला हात नसेल तर तो रिपोर्ट परत घ्या. काकांना म्हणावं, पुन्हा कापा, आणि पुन्हा लिहा. आणि हात असेल तर माझा कागदही तिथंच आहे."

 मोठे डॉक्टर रिपोर्टकडं बघत होते, मग पत्राकडं, मग पुन्हा रिपोर्टकडं. पापुद्र्याकडं काही त्यांनी बघितलं नाही. त्यांना न्याय सुचला असं कुणी समजू नये. लिहिलेला रिपोर्ट परत घेऊन पुन्हा सगळं बघायचं, या कल्पनेनंच त्यांना घाम फुटला. त्यांनी पत्रावर सही केली, शिक्का मारला, आणि कागद घाईघाईनं पुढं सरकवला.

बाई गेली. जाताना पापुद्र्याला "येते, काका" म्हणाली, जसं रोज म्हणायची तसंच. तो यंत्राचं चाक उगाचच पुसत होता.

त्यानंतर मोठ्या डॉक्टरांना एक नवीन भीती बसली. प्रत्येक वडीवर पाडणाऱ्याची सही पाहिजे, आणि काचांत दुसऱ्याचा कण नाही ना हे त्यांनी स्वतः तपासल्याशिवाय त्या रिपोर्टला घ्यायच्या नाहीत. उठायचा कंटाळा तसाच होता, त्यामुळं पापुद्र्यालाच ट्रे घेऊन त्यांच्या दारात जावं लागे. आत ते एकेक काच फिरवत बसायचे, "थांबा जरा" म्हणायचे, आणि पापुद्रे बाहेर ताटकळत उभा. एकविसावा इंटर्न आला तो थेट आतच गेला, हा कोण म्हातारा ट्रे धरून उभा आहे हेसुद्धा त्यानं विचारलं नाही.

"या खात्याचं आता काही खरं नाही," पापुद्रे शिपायाला म्हणाला.

शिपायानं स्टूल पुढं ढकललं. "बसा की मग. अजून अर्धा तास लागेल त्यांना."

पापुद्रे बसला नाही. ट्रे एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि भिंतीला टेकला.