शालिनीबाईंची हिरवी जीन

"ही घ्या मापाला," असं म्हणून शालिनीबाईंनी पिशवीतून एक पँट काढून माझ्या टेबलावर ठेवली. पँट त्यांच्या नवऱ्याची होती.

सोबत हिरव्या जीनचं कापड होतं. जीन म्हणजे जाड, तिरप्या विणीचं सुती कापड. त्या काळी त्याचे शाळेचे गणवेश व्हायचे, नाहीतर कामगारांचे कपडे. या कापडाची पँट शालिनीबाईंना स्वतःसाठी हवी होती. माझ्यासमोर त्या उभ्या होत्या पाचवारी साडीत, अंबाडा घालून.

सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. नगरजवळ भिंगारला आमचं दुकान होतं, मध्ये पडदा लावलेला. अलीकडे मी, लेडीज टेलर. पलीकडे माझे मिस्टर शांतवन, जेन्ट्स टेलर. त्यांची गिऱ्हाइकं बहुतेक मिलिटरीतली. मी आयुष्यात पँट शिवली नव्हती आणि त्यांनी बाईचं माप घेतलं नव्हतं. हे काम नेमकं पडद्यावर येऊन आदळलं.

"कशाला हवीय पँट?" मी विचारलं.

शालिनीबाई मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. नोकरी टेंपररी. पर्मनंट व्हायचं तर भंडारदऱ्याला कडे चढण्याच्या शिबिराचं सर्टिफिकेट आणा, असं शाळेनं सांगितलं होतं. आणि साडीतल्या बाईला दोराला बांधायचं नाही, असा शिबिराचा नियम होता.

"मागच्या खेपेला एका बाईंना परत पाठवलं. मला परत पाठवलं की माझी नोकरी गेलीच समजा," त्या म्हणाल्या.

"आणि हिरवीच का?"

"सासूबाई म्हणाल्या, खाकी पोलिसाची, निळी कामगाराची, काळी अशुभ. उरली हिरवी."

आता मापाचं सांगते. तेव्हा आमच्या धंद्यात बाईचं माप सहसा घेत नसत. बायका आधीचा एखादा बसणारा ब्लाऊज आणायच्या, त्यावरून नवा बेतायचा. शालिनीबाईंनी तोच रिवाज पाळला होता. पँट नव्हती, म्हणून नवऱ्याची आणली. पण पुरुषाची पँट कमरेला आणि सीटला जवळजवळ सरळ उतरते. त्या मापानं शिवली तर बाईला कमरेत ढगळ आणि सीटला घट्ट होणार.

"माप घ्यावं लागेल," मी पडद्याकडे बघून म्हटलं.

"तू घे. मी लिहितो," पलीकडून आवाज आला.

मी टेप लावत गेले आणि आकडे पडद्यापलीकडे ओरडत गेले. कंबर, सीट, मांडी, आसन. आसन म्हणजे पँटीचे दोन पाय जिथे जोडले जातात तो भाग. आमच्या ह्यांनी लिहिलं, कापलं, कच्चं शिवलं.

ट्रायलला शालिनीबाई पँट घालून बाहेर आल्या. त्या पँटीत त्या होत्याच, शिवाय आणखी एक बाई मावली असती.

"तू माप कशावरून घेतलंस?" ह्यांनी विचारलं.

मी साडीवरून घेतलं होतं. खाली परकर, वर निऱ्या, सगळं मोजलं. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला कमरेखाली काय असतं याचा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. नशीब, कापड जास्त झालं होतं. कमी झालं असतं तर रडायची पाळी आली असती. पुन्हा माप घेतलं, आणि पँट अंगासरशी बसली. पुढची चेन काढून बाजूला हुक लावले.

तरी ह्यांनी खाली बेलबॉटमचा घेर ठेवला होताच.

"फॅशन आहे," हे म्हणाले.

"भंडारदऱ्याला कोण बघणार आहे?"

"माकडं."

घेर मी कमी करायला लावला. तो बुटाखाली आला असता.

"वर काय घालणार?" मी विचारलं. शालिनीबाईंनी त्याचा विचारच केला नव्हता. नवऱ्याचा शर्ट आत खोचून पाहिला, तर सगळी नजर कमरेवर जाते. हिरव्यावर हिरवं घातलं तर बाई झुडपासारखी दिसते. म्हणून फिकट सायीच्या रंगाचं पॉपलीन निवडलं. सैल कुडता, मांडीच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना उंच कट. गडद रंग खाली, फिकट वर, आणि मागून झाकलेलं. आरशात पाहून शालिनीबाई स्वतःशीच हसल्या.

मग सासरे आले. श्रीगोंद्याचे ऊसवाले, मुलाकडे मुक्कामाला होते. घरात शेवटचा शब्द त्यांचा. दुसऱ्या दिवशी शिबिराची एस.टी. होती.

"बाई, ह्ये वरचं लई आखूड हाय," ते मला म्हणाले. "गुडघ्याखाली पायजे. न्हाईतर सूनबाई जायाची न्हाई."

"गुडघ्याखाली आलं तर चढता येणार नाही, मामा."

"आमच्या बाया नऊवारी नेसून हिरीच्या पायऱ्या चढत्यात. घागर घिऊन."

"नऊवारीला कासोटा असतो. हा कुडता मोकळा लोंबणार."

"मला शिवन नका शिकवू. मी सांगितलं तेवढं करा."

शालिनीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. शाळेत शंभर मुलींना एका शिट्टीवर उभं करणारी बाई. मला संताप आला. पण दुकानदाराला संताप गिळावा लागतो.

दुकानात एका मेजरसाहेबांच्या बायकोचा कमीज तयार होऊन टांगला होता. चांगला गुडघ्याखाली येणारा. मी तो काढला आणि शालिनीबाईंना दिला. "हा घाला, खाली जीन घाला, आणि ह्यांच्या कटिंगच्या टेबलावर चढा. मामा, तुम्ही बघा."

त्या आत जाऊन घालून आल्या. एक पाय स्टुलावर ठेवला, दुसरा टेबलावर टाकला, आणि अंग वर उचललं. कमीजचा काठ पायाखाली आला. टर्रकन आवाज झाला आणि त्या तोंडावरच पुढे गेल्या. पुढे ह्यांची कोळशाची इस्त्री होती, पेटलेली. मामा सगळ्यात जवळ होते. त्यांनी दोन्ही हातांनी सुनेचा दंड धरला आणि मागे ओढलं.

मामा मटकन स्टुलावर बसले.

"लागलं का गं, पोरी?"

"नाही, मामा."

"हितं टेबलावरनं पडत हुतीस. तितं तर कडा हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आखूडच ऱ्हाऊ द्या. अजून चार बोटं कापा."

चार बोटं मी कापली नाहीत, दोन कापली. त्या क्षणी तो माणूस मला मनापासून आवडला.

मेजरसाहेबांच्या बायकोला खरं काय ते सांगितलं. ती हसली, पण नवा कमीज माझ्या पदरचा गेला. शालिनीबाई शिबिर पुरं करून आल्या. जीनचे गुडघे पांढरे पडले होते आणि तळहात सोलले होते. जूनमध्ये त्या पर्मनंट झाल्या.

पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळांतल्या दोघी आल्या. दोघींच्या हातात हिरवं कापड.

"हिरवंच का?" मी विचारलं.

"बायकांना हिरवीच पँट लागते, असा शिबिराचा नियम आहे ना?"

मी नाही म्हटलं नाही. माझ्याकडे हिरव्या दोऱ्याची रिळं उरली होती.

आता माझ्या नाती विचारतात, आजी, हिरव्या जीनवर काय घालू? मी आधी त्यांना खुर्चीवर चढायला लावते. पाय उचलला गेला, तरच रंगाचं बोलते.